बिनभरवशाचा स्कोप

४ जानेवारी, सकाळ

नवी वही. नियम पहिला: रोज लिहायचं. नियम दुसरा: खरं तेच लिहायचं. तिसरा सुचला की लिहीन.

वर्षाची सुरुवात म्हणून सगळ्यांची विचारपूस करून घेतली. हिचा गुडघा: जिना चढताना काही नाही, उतरताना दुखतो. माझा दंड धरून उतरावं लागतं बिचारीला. मेव्हणेबुवा, म्हणजे हिचा धाकटा भाऊ, राहायला वरच्या मजल्यावर आणि जेवायला आमच्याकडे: पाठ आखडली आहे, जीभ मोकळी आहे. मुलगा आणि सूनबाई, फोनवर: दोघांनाही सर्दी. नात: दात येतो आहे, त्यामुळे घरात कुणाला झोप नाही. समोरचा शिंपी: खोकला. क्लबचे सेक्रेटरी: बीपी, पण ते त्यांना पदाबरोबरच मिळालं. स्कूटर: सकाळी उठायला कुरकुर करते.

माझी तब्येत कुणी विचारली नाही. विचारण्यासारखं काही नाहीच. ठणठणीत.

उलट एक आनंदाची बातमी. गेले काही महिने मला पेपर चष्म्याशिवाय वाचता येतो. बारीक टायपातल्या जाहिरातीसुद्धा. सत्तरीला टेकलेल्या माणसाची नजर सुधारते हे कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नसेल, पण मी कुठे पुस्तकातून शिकलो? रेडिओ दुरुस्ती स्वतः शिकलो, घड्याळं स्वतः शिकलो, नेमबाजी स्वतः शिकलो. डोळेही स्वतःहून शिकत असतील.

हिला सांगितलं. म्हणाली, डोळे एकदा तपासून घ्या. सुधारलेली वस्तू दुरुस्तीला कोण नेतं? या घरात चांगली बातमी सांगायची सोय नाही.

८ जानेवारी

तीन दिवस लिहिलं नाही. पहिल्या नियमात ‘शक्यतो’ हा शब्द घातला.

क्लबची मीटिंग. आपल्या रायफल क्लबात आता नव्या पद्धतीचे स्कोप, म्हणजे रायफलीवर बसवायच्या दुर्बिणी, घ्यायचं चाललं आहे. एकपट ते सहापट. कडं फिरवलं की समोरचं जसं आहे तसं दिसतं, आणखी फिरवलं की जवळ येत येत सहापट होतं. नमुना म्हणून एक आलाय. तो टिकाऊ आहे का, भरवशाचा आहे का, हे कुणीतरी तपासून अहवाल द्यायचा. सेक्रेटरींनी विचारलं, कोण करणार? मी हात वर केला. बाकीच्यांनी हात खाली ठेवून मला एकमताने पाठिंबा दिला.

शिवाय एप्रिलमध्ये पलीकडच्या क्लबाबरोबर ज्येष्ठांचा सामना. चौघांचा संघ. पहिला नंबर माझा. क्लबच्या शेडवर पत्रेही नव्हते तेव्हापासून माझा. मेव्हणेबुवा राखीव, तेही तेव्हापासूनच. मार्चमध्ये निवडीचं शूटिंग असतं. माझ्या बाबतीत ती औपचारिकता. सेक्रेटरी म्हणाले, यंदा निवड नव्या स्कोपवर करू. करा.

हातातून ही रायफल गेली तर माझ्याकडे राहील काय? एक स्कूटर आणि सगळ्यांची विचारपूस. पण जाणार नाही. हे आपलं असंच लिहिलं.

९ जानेवारी, दुपार

तपासणीचा श्रीगणेशा. रायफली क्लबच्या कुलपातल्या कपाटात राहतात, घरी फक्त स्कोप आणला. गॅलरीत स्टुलावर उशी, उशीवर स्कोप. समोर शिंप्याची पाटी. डावा डोळा मिटला, उजवा लावला. चाळीस वर्षं याच डोळ्याने मी बक्षिसं आणली.

डोळ्याकडच्या टोकाला फोकसचं एक कडं असतं. ज्याच्या त्याच्या नजरेप्रमाणे एकदा फिरवायचं, लावायचं आणि विसरून जायचं. पाटी स्वच्छ दिसेपर्यंत फिरवलं. तिथे हिच्या नेलपॉलिशचा ठिपका दिला, म्हणजे ते जरा जरी सरकलं तरी पकडलं जाईल. माझ्यातला जुना मेकॅनिक जागा झाला. ही नेलपॉलिश शोधत होती. मीही शोधू लागलो.

१४ जानेवारी

पडण्याची चाचणी. जेवणाच्या टेबलावरून पायपुसण्यावर. पायपुसणं चुकलं. स्कोपला ओरखडा नाही. टाइलचा टवका उडाला. मेव्हणेबुवा वर बसून ऐकत होते. खाली येऊन म्हणाले, टाइल नापास करा दाजी, स्कोप पास.

पण गॅलरीत जाऊन पाहतो तर पाटी किंचित भुरकट. कडं केसभर फिरवावं लागलं. ठिपका जागेवरून हलला.

सापडलं. आतली काच सरकते. कंपनीने इतकं मोठं यंत्र केलं आणि काच धरायला विसरली.

१९ जानेवारी

पाण्याची चाचणी. बादलीत बुडवून वर पालथं ताट. सुरुवातीला टोपणाखालून बुडबुडे आले, मग थांबले. बुडबुडे म्हणजे गळती. आत कोरडा दिसतो हे खरं, पण दिसतं त्यावर किती विसंबायचं?

कडं पुन्हा फिरवावं लागलं.

संकल्प: मेव्हणेबुवांशी वाद घालायचा नाही. चहात साखर अर्धी.

२० जानेवारी

वाद झाला. विषय: साखर.

२७ जानेवारी

थंडीची चाचणी. रात्रभर फ्रीजरमध्ये, मटारच्या पिशवीशेजारी. सकाळी ही म्हणाली की या घरात माझ्या नवऱ्याइतकी काळजी मटारची कुणी घेत नाही. टोमणा होता की कौतुक, ठरवता आलं नाही. कौतुक धरलं.

स्कोप जिवंत. पाटी आणखी भुरकट. कडं आणखी फिरवलं. नेलपॉलिशचे आता चार ठिपके झाले आहेत, एका ओळीत, एकाच दिशेने. सरकायची इतकी शिस्त! माणसांत नसते.

२ फेब्रुवारी

शिंप्याची पाटीच उडाली आहे हे लक्षात आलं. उगाच स्कोपला सगळा दोष देऊ नये, मी निःपक्षपाती आहे. रस्ता ओलांडून त्याला प्रेमाने सांगितलं की पाटीचा रंग गेलाय, गिऱ्हाईक कसं येईल. तो बिचारा खोकत बाहेर आला, पाटीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि बरं म्हणाला.

येताना हीही बरोबर होती. रस्ता ओलांडताना हिने माझा हात घट्ट धरला होता. गुडघा. आता सपाट रस्त्यावरही दुखतो म्हणे.

७ फेब्रुवारी

शिंप्याने पाटी नव्याने रंगवून घेतली. लालभडक. दोन दिवसांत तीही उडाली. हल्ली रंगात काय मिसळतात कुणास ठाऊक. रस्त्यावरचे दिवेही तसलेच. प्रत्येकाभोवती झालर. स्कूटरवाल्यांच्या दिव्यांना तर पिसारे. वीज मंडळाला लिहायला हवं.

आज क्लबात सेक्रेटरींना लांबून नमस्कार केला. ओळख दिली नाही. जवळ गेल्यावर दिसलं की रेनकोट होता, खुंटीला. तरी एवढं ताठ राहायला नको होतं.

११ फेब्रुवारी

हिने जिन्याच्या प्रत्येक पायरीच्या कडेला पिवळीधमक पट्टी चिकटवली. विचारलं हे काय, तर म्हणाली, गुडघ्यासाठी. पिवळ्या पट्टीने गुडघ्याला कसा आराम पडतो हे मी विचारलं नाही. ज्याचं दुखणं त्याला उपाय कळतात.

मेव्हणेबुवा पट्टीकडे बघून गप्प बसले. ते गप्प बसले याचीच नोंद करायला हवी.

१३ फेब्रुवारी

धक्क्यांची चाचणी. स्कोप टॉवेलात गुंडाळून मेव्हण्यांच्या स्कूटरच्या कॅरिअरला बांधला आणि खडीच्या रस्त्याने बाजारात जाऊन या म्हटलं. माझ्या स्कूटरवर का नाही, असं त्यांनी विचारलं. ही मधेच म्हणाली, यांना मी स्कूटर चालवू देत नाहीये सध्या, मला पाठीमागे बसता येत नाही ना गुडघ्यामुळे. मला हे नवीन होतं. पण बायकोच्या दुखण्यासाठी मी स्कूटरही सोडू शकतो.

स्कोपला काही झालं नाही. अंडी आणली होती, त्यांना झालं.

कडं शेवटाला टेकलं. आता फिरतच नाही. पाटी तरीही धूसर. म्हणजे स्कोप पुरता संपला. एवढ्याशा वापरात!

१४ फेब्रुवारी, सकाळी नऊ

कंपनीच्या तक्रार विभागाला पत्र लिहिलं. पत्र कसं लिहावं हे हल्लीच्या लोकांना कळत नाही. मी आधी त्यांची विचारपूस केली: आपण कसे आहात, कारखान्यात सगळे खुशाल ना, घरी आई-वडील कसे आहेत. मग ठिपक्यांचं चित्र काढून दाखवलं की काच कशी सरकते. शेवटी, उत्तर लवकर पाठवावे. स्कोप पार्सल केला.

अहवालही पूर्ण करून सेक्रेटरींना दिला. चाचण्या सविस्तर, निष्कर्ष एका ओळीत: हा स्कोप अत्यंत बिनभरवशाचा आहे.

२६ फेब्रुवारी

उत्तर आलं, सोबत नवाकोरा स्कोप. तक्रार विभागात एक बाई आहेत. लिहितात की तुमचा स्कोप तीन जणांनी तपासला, काच जागची हललेली नाही, बुडबुडे बाहेरच्या टोपणात अडकलेल्या हवेचे असतात. तरी तुमच्या समाधानासाठी दुसरा पाठवतो आणि पहिला तुमच्या क्लबला परत करतो. खाली हाताने लिहिलं होतं की विचारपूस केल्याबद्दल आभार, तक्रारीत असं कुणी विचारत नाही. आईचे गुडघे फार दुखतात.

लगेच लिहिलं: जिन्याला पिवळी पट्टी लावून बघा. आमच्याकडे सुरू आहे.

२८ फेब्रुवारी

नवा स्कोप. तोच रोग. कडं सुरुवातीपासूनच शेवटाला नेऊन ठेवावं लागतं. म्हणजे एखादा नग नव्हे, अख्खा कारखानाच सरकतो आहे.

४ मार्च

मोठा शोध. एकपटीवर ठेवला आणि दोन्ही डोळे उघडे ठेवून पाहिलं, तर सगळं लख्ख. शिंप्याच्या पाटीवरचा शेवटचा कानामात्रासुद्धा. डावा मिटला की पुन्हा धुकं. उघडला की लख्ख. मिटला की धुकं.

बराच वेळ बसून विचार केला. उलगडा झाला: हा स्कोप दोन डोळ्यांसाठीच बनवलाय. एकट्या डोळ्याचा भार त्याला झेपत नाही. हे कंपनीने कुठेही छापलेलं नाही.

ही चहा घेऊन आली. मी हा सिद्धांत समजावला. हिने स्कोप घेतला, आधी एका डोळ्याने, मग दुसऱ्या डोळ्याने पाहिलं आणि म्हणाली की तिला दोन्हींनी सारखंच दिसतं. नवशिक्यांना सगळंच सारखं दिसतं. चहा पुढे केला, तो मी घ्यायला गेलो, आणि कप माझ्या अंदाजापेक्षा चार बोटं उजवीकडे निघाला. टेबलक्लॉथ धुवायला टाकला.

१० मार्च

निवडीला थोडेच दिवस. सरावात सहापटीवर फार अंधार, म्हणून कमी पटीवर आणलं. कमी केलं की उजेड भरपूर येतो. सगळी टारगेट्स एकदम दिसतात, शेजाऱ्यांचीही. चित्र प्रशस्त वाटतं. कमी पॉवर हीच या स्कोपची एकमेव चांगली बाजू.

जुन्या सवयीने डावा डोळा मिटतोच. चाळीस वर्षांची सवय एका कंपनीसाठी मोडायची का?

मेव्हणेबुवा जेवताना म्हणाले, दाजी, निवडीआधी डॉक्टरकडे एक चक्कर मारू, मीही पाठ दाखवतो. दोन महिन्यांत पाठ आठवली नाही. माझा नंबर हवाय त्यांना, दुसरं काय? इतकी वर्षं राखीव बसलेला माणूस.

१६ मार्च

निवड.

रात्री झोप छान. न्याहारी छान. तब्येत ठणठणीत.

माझी लेन तिसरी, मेव्हणेबुवा चौथीत. स्कोप दुपटीवर. लेनचे नंबर वर लिहिलेले असतात, पण त्यांच्याकडे बघतो कोण, मोजून माहीत असतं. श्वास धरला, ट्रिगर हळू ओढला. इतकं शांत शूटिंग मी कित्येक वर्षांत केलं नव्हतं. प्रत्येक गोळी जाताना कळत होतं की गेली. काळा ठिपका, काटा मधोमध, बस्स. शेवटची गोळी सुटली तेव्हा डोळ्यांत पाणीच आलं. तसं हल्ली ते येतंच.

टारगेटचे कागद आणायला माणूस गेला. परत आला तेव्हा माझा कागद कोरा.

सेक्रेटरींनी तो उजेडाकडे धरून पाहिला. पलटून पाहिला. मी म्हटलं, कागद बदलला गेलाय. मग मेव्हण्यांचा कागद आला आणि त्याच्यावर भोकंच भोकं. मेव्हणेबुवा माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "दाजी, सात माझ्या कागदावर आहेत. फार सुंदर बसल्यात. बाकीच्या तीन बघायला माणूस पाठवलाय."

नियमाप्रमाणे दुसऱ्याच्या कागदावर गेलेली गोळी चुकलेली. मेव्हण्यांच्या कागदावर कुठली गोळी कुणाची ते कळेना, म्हणून त्यांना पुन्हा संधी मिळाली. मेव्हणेबुवा पहिले आले. कंपनीने क्लबला परत केलेल्या त्याच मेलेल्या स्कोपवर. सहापटीवर.

रीतसर निषेध नोंदवला: स्कोपने माझ्या गोळ्या एक लेन डावीकडे, नव्हे उजवीकडे, फेकल्या. सेक्रेटरी म्हणाले, तुमचा अहवाल होताच ना. आवाज फार मऊ होता. ओरडले असते तर बरं झालं असतं.

१७ मार्च

काही नाही.

१८ मार्च

काही नाही. जेवायला मेव्हणेबुवा आले नाहीत. हिने डबा वर पाठवला.

१९ मार्च

कंपनीच्या बाईंना पत्र. आई कशी आहे, तुमच्याकडे थंडी कमी झाली का, कारखान्यातल्या त्या तिघांची तब्येत कशी, ज्यांनी माझा स्कोप तपासला? मग सगळी हकीगत. या खेपेला जरा कडक लिहिलं. ‘तुमच्या स्कोपपायी माझं चाळीस वर्षांचं स्थान गेलं.’ वाचून पाहिलं. खोडलं नाही.

३० मार्च

बाईंचं उत्तर. आई बरी आहे. पट्टी लावल्यापासून पायऱ्या नीट दिसतात म्हणते, गुडघ्याचं माहीत नाही. ते तिघेही खुशाल. नंबर गेल्याचं वाचून फार वाईट वाटलं. मग शेवटी एकच वाक्य: "रागावू नका, पण एकदा उजवा डोळा मिटून डाव्याने पाहून कळवाल का?"

रागावलो. चाळीस वर्षं उजव्याने नेम धरणाऱ्या माणसाला एक कारकून बाई डोळे शिकवणार!

३० मार्च, संध्याकाळ

बाई कशा चुकीच्या आहेत हे कळवण्यासाठी, केवळ त्यासाठी, डाव्याने पाहिलं.

कडं मधोमध आणलं, जुन्या स्कोपवर पहिला ठिपका दिला होता तिथे. शिंप्याची पाटी: लाल. इतकी लाल! खाली फोन नंबर. काचेआड शिंपी सुईत दोरा ओवत होता, जीभ बाहेर काढून. दोरा दिसला.

स्कोप डावखुरा निघाला.

१ एप्रिल

सबंध रात्र ‘डावखुरा स्कोप’ हा सिद्धांत घासूनपुसून पाहिला. बसत नाही. सकाळी हिला म्हटलं, गुडघा दाखवायला जायचं तर मीही येतो, माझं काही नाही, सोबत म्हणून. हिने पर्स आधीच काखेला लावली होती.

४ एप्रिल

डॉक्टर वयाने मुलासारखे. भिंतीवरची अक्षरं उजव्याने वाचा म्हणाले. म्हटलं, अक्षरं लावा, वाचतो. लावलेलीच होती.

मोतीबिंदू. चांगला पिकलेला. मी त्यांना शेवटचा मुद्दा टाकला की मला जवळचं चष्म्याशिवाय वाचता येतं, म्हणजे नजर सुधारतेय. ते म्हणाले, आजोबा, हे त्याचंच लक्षण, चष्मा सुटला म्हणून खूश होऊन येणारे तुम्ही पहिले नाही. डोळ्याचा नंबर सरकत जातो, म्हणून तुमचं ते कडं सरकत होतं.

म्हणजे काच सरकत होती हे मी बरोबरच ओळखलं होतं. कुठली, एवढंच चुकलं.

हिच्या गुडघ्याचं विचारायचं राहून गेलं. हीही विसरली.

१० एप्रिल

ऑपरेशन काल झालं. डोळ्यावर वाटीसारखं झाकण. ही लिहून घेते आहे. लिहायचं काही नाही. दुखत नाही. मेव्हणेबुवा आले होते, शेजारी बसून पाठीबद्दलच बोलत होते.

२० एप्रिल

सामना. सेक्रेटरींनी काळा चष्मा लावलेल्या मला माईक दिला. काम: प्रत्येक फेरीआधी सांगायचं की सर्वांनी आपापल्या लेनचा नंबर नीट पाहून घ्यावा. टोमणा आहे हे कळलं. केलं. आवाज चांगला लागला.

मेव्हणेबुवांनी जो स्कोप वापरला त्यावर नेलपॉलिशचे ठिपके होते. बादलीत बुडालेला, मटारशेजारी झोपलेला, खडीवरून गेलेला. ते पहिले आले. आपला क्लब जिंकला. कागद आणला तेव्हा मी लांबूनच सांगितलं, सगळ्या मधे आहेत. सगळ्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

मग सेक्रेटरींना म्हटलं, माझा अहवाल मागे घेतो. ते म्हणाले, कशाला? कमिटीने तो वाचूनच फेब्रुवारीत सगळे स्कोप मागवले. एवढे हाल करूनही ज्याला ओरखडा नाही तो चांगलाच असणार. निष्कर्षाची ओळ कुणी मनावर घेतली नव्हती.

घरी येताना मेव्हणेबुवा म्हणाले, पुढच्या वर्षी मी पुन्हा राखीव, दाजी, मला पहिल्या नंबरची सवय नाही, पाठ दुखते. मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही.

४ मे, सकाळ

आज जिना उतरताना पायऱ्यांवरची पिवळी पट्टी दिसली. नीट दिसली, म्हणजे आज पहिल्यांदा. कठड्याच्या बाजूने मी उतरतो; तिथेच सगळी. हिच्या बाजूला एकही तुकडा नाही.

ही पुढे होती. दोन्ही हातांत पिशव्या, झपझप खाली गेली, माझा दंड न धरता. आठवून पाहिलं. ऑपरेशन झाल्यापासून हिचा गुडघा दुखलेलाच नाही.

विचारणार होतो. विचारलं नाही. खाली जाऊन तिच्या हातातली एक पिशवी घेतली.

मग बाईंना पत्र लिहिलं. कच्चा मसुदा इथे ठेवतो:

आदरणीय बाई, आपण कशा आहात? आईंचे गुडघे? ते तिघे? आमच्याकडे सूनबाईची सर्दी गेली, नातीला दुसरा दात आला, शिंप्याचा खोकला थांबला, मेव्हणेबुवांची पाठ त्यांच्या सोयीने बरी आहे. हिचा गुडघा एकदम ठीक. तो कधी बिघडला होता असं आता वाटत नाही. मीही ठीक आहे, कुणी विचारलं नाही तरी सांगतो. तुमच्या दोन्ही स्कोपांना माझ्या हातून फार त्रास झाला, त्यांची आणि तुमची माफी मागतो. तक्रार मागे घेत आहे. ती स्कोपविषयी नव्हती. आईंना पट्टी राहू द्या, पण ती कुणी चिकटवली हे त्यांना सांगून ठेवा.

उत्तर लवकर लिहा. अक्षर जरा मोठं काढा. लांबचं सगळं दिसायला लागलंय, जवळचंच तेवढं दिसत नाही.